उबाळे सर, वानरं उपाशी नव्हती

सर, मंगळवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास करंजदऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, गयाबाईंच्या हरभऱ्याच्या बांधावर तुम्ही गेलात. वय एकाहत्तर. डॉक्टरांनी कारण हृदयविकाराचा झटका असं लिहिलं आहे. तुम्ही घडीच्या खुर्चीत बसलेले होतात, दुर्बीण गळ्यात होती, वही मांडीवर. गयाबाईंना आधी वाटलं, मास्तरांचा डोळा लागला. त्यांनी लांबून दोन हाका मारल्या. तिसरी हाक मारायला त्या जवळ आल्या.

त्यांच्या मुलीचा फोन मला साडेचारला आला. मी कार्यालयाला बातमी दिली. एक कॉलम, आठ ओळी: निवृत्त विज्ञान शिक्षक, पश्चात पत्नी, मुलगा, सून. उपसंपादकाने विचारलं, आणखी काही? मी नाही म्हणालो. आणखी जे होतं ते आठ ओळींत बसणारं नव्हतं, आणि त्यातला एक भाग माझ्या चुकीचा होता.

आठवीत तुम्ही मला विज्ञान शिकवलंत. बेडकाची आकृती काढताना मी त्याला हसरं तोंड काढलं होतं. तुम्ही लाल शाईने शेजारी लिहिलंत, ‘बेडूक हसताना पाहिलास का? पाहिला असल्यास वार आणि वेळ लिही.’ पुढे मी वार्ताहर झालो, वार आणि वेळ लिहिण्यावरच पोट भरायला लागलो, पण हा पहिला धडा मला कोणत्या संपादकाने दिला नव्हता.

निवृत्तीनंतर तुम्ही आठवड्यातले चार दिवस नगरहून स्कूटरवर करंजदऱ्याला यायचात. डोंगरावर काळ्या तोंडाच्या वानरांची एक टोळी आहे. तुमच्या गल्लीत याची चेष्टा व्हायची. शेजारचे एक काका फाटकातून विचारायचे, “उबाळे, रविवारी चर्चमध्ये आणि सोमवारी मारुतीच्या सेवेला? ख्रिस्ती माणूस ना तुम्ही?” तुम्ही हेल्मेट घालता घालता म्हणायचात, “वानरं कुठं विचारतात? सगळ्या धर्मांचा हरभरा खातात.”

तुमची पद्धत साधी होती. एक वानर, एक तास, प्रत्येक घास. टोळीतलं एकच वानर निवडायचं, तासभर दुसरीकडे बघायचं नाही, आणि ते तोंडात काय घालतं ते लिहायचं: झाड कोणतं, भाग कोणता, किती वेळा. मी पहिल्यांदा तुमच्या शेजारी बसलो तेव्हा तासाभरात माझी एक ओळ झाली होती, तुमची दोन पानं.

“तू काय लिहिलंस?”

“वानर पाला खातं.”

“म्हणजे माणूस हॉटेलात गेला आणि जेवला, असं लिहिलंस. अरे, काय मागवलं? काय पानात टाकलं? दुसऱ्यांदा काय घेतलं? बातमी तिथे असते.”

त्यानंतर मला दिसायला लागलं. एकाच झाडाच्या दहा फांद्या सोडून आपण निवडलेली मादी अकराव्या फांदीवर जाते. पान तोडते, वास घेते, टाकून देते. जून पान टाकते, कोवळं घेते. बाभळीच्या शेंगेतलं बी घेते, टरफल सोडते. उंबराखाली बराच वेळ काढून मग उठते आणि कोवळ्या पाल्याकडे जाते, उंबर संपलेले नसतानाही. हे मला विचित्र वाटलं होतं. गोड फळ समोर असताना पाला कशाला?

“म्हणजे त्यांना कळतं,” मी म्हणालो.

“कळतं हा शब्द खोड.”

“मग काय लिहू?”

“घेतात लिही. टाकतात लिही.” आणि मग जरा वेळाने, “पिठल्यात प्रथिनं असतात हे तुझ्या आजीला माहीत होतं?”

“नाही.”

“पण नुसती भाकरी वाढली तर हा पाचवी मागतो आणि तरी कुरकुरत उठतो, हे माहीत होतं. मग ती पिठलं करायची. वानराला आजी नसते. त्याचं अंगच मागत राहतं. जे कमी पडलं आहे ते मिळेपर्यंत हात थांबत नाही.”

‘कळतं’ या शब्दावरचा आपला वाद चार वर्षं चालला. मी म्हणायचो, निवडणं म्हणजेच कळणं. तुम्ही म्हणायचात, माझ्याकडे वानराच्या डोक्यात शिरून केलेली नोंद नाही. तो वाद मिटलेला नाही. या लेखात मी तो शब्द तुमच्या वानरांबद्दल वापरणार नाही, पण माझं मत बदललेलं नाही, हेही इथे नोंदवतो.

तुमच्या स्वतःच्या खाण्याची नोंद मात्र कोणी घेतली नाही, म्हणून मी घेतो. थर्मासमध्ये चहा, कपाला तीन चमचे साखर. प्लास्टिकच्या पिशवीत खारी. बाई, म्हणजे तुमच्या पत्नी, रोज डब्यात दोन उकडलेली अंडी आणि मटकीची उसळ द्यायच्या. ती अंडी माझ्या वाट्याला यायची आणि उसळ गयाबाईंच्या. तुम्हाला मधुमेह होता हे मला बाईंकडून कळलं, तुमच्याकडून नाही. मी एकदा म्हणालो, “सर, तुमच्यापेक्षा वानर शहाणं.” तुम्ही खारी चहात बुडवून म्हणालात, “म्हणून तर मी त्यांच्याकडे शिकायला येतो.”

गयाबाईंचं शेत डोंगराला लागून आहे, दोन एकर. नवरा नागापूरला एका कंपनीत रखवालदार, म्हणून शेती त्या आणि त्यांची मुलगी बघतात. तुमची खुर्ची त्यांच्या बांधावर असायची आणि तुमची वानरं त्यांच्या हरभऱ्यात. तुमच्या दोघांच्या मैत्रीला हीच अडचण होती आणि तिची सुरुवातही इथूनच झाली होती.

“मास्तर, बगा तुमचं ल्येकरू. घाटा सोलतंय, दाना खातंय, टरफाल मला टाकतंय. म्हंजी दाना त्याचा अन भुसकाट माझं.”

“लिहिलं, गयाबाई. घाटा, हिरवा, दाणा खाल्ला.”

“लिव्हा, लिव्हा. लिवून पिकतंय का काय ते बी बगा.”

टोळीतला मोठा नर पिंपळाच्या सर्वांत उंच फांदीवर बसून असायचा. त्याला त्या सरपंच म्हणायच्या. “काय करत न्हाई. नुसतं वर बसून समद्यांवर ध्यान ठिवतोय.” तुम्ही वानरांना नावं द्यायच्या विरोधात होतात. तरी वहीत दोन ठिकाणी ‘सरपंच’ असं आहे. दोन्ही ठिकाणी खोडलेलं आहे, पण वाचता येतं.

करंजदऱ्यात एक रीत आहे. हरभरा काढताना डोंगराकडची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, उभ्या ठेवायच्या. त्या वानरांच्या. ती कुणी सुरू केली, विचारून कळलं नाही. माघ संपताना डोंगरावर जून, वाळका पालाच तेवढा उरतो. पोट त्याने भरतं, पण हात थांबत नाही. पायथ्याला तेव्हा हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. पिंपळाला पालवी फुटेपर्यंतचे दिवस वानरं या ओळींवर काढायची आणि मग वर जायची.

गेल्या वर्षी गावात ओरड सुरू झाली की वानरं माजली, वाढली. तुम्ही मोजली. वाढलेली नव्हती. मग तुम्ही वानरं सोडून शेतं मोजलीत. शेततळी झाल्यापासून पायथ्याची जमीन एकेक करत कांद्याखाली गेली होती. कांद्याच्या पातीला वानर तोंड लावत नाही. हरभरा उरला होता फक्त गयाबाईंचा. पूर्वी सगळा पायथा मिळून दोन-दोन ओळींत जे द्यायचा, ते आता एका बाईच्या दोन एकरांतून जात होतं. तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज चढला होता. एरवी तुमचा आवाज मी वर्गातही चढलेला ऐकला नव्हता.

मी म्हणालो, याची बातमी करतो.

आता माझी चूक.

जानेवारीत मी तुमची मुलाखत घेतली. तुमची वाक्यं माझ्या टिपणवहीत जशीच्या तशी आहेत: “पोट भरलेलं असतं. हवं ते मिळालेलं नसतं. पालवी फुटली की वर जातील. तोवर कुणी काही खायला घालू नये.” बातमी लांब झाली, जागा कमी होती. मी शेवटचे दोन परिच्छेद काढले. कांद्याचा भाग त्यात गेला, आणि ‘खायला घालू नये’ हे वाक्यही. वर मथळा आला: ‘डोंगरावर चारा नाही; वानरांची उपासमार’.

तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन केलात. मथळा कोणी दिला, असं विचारलंत. मी म्हणालो, कार्यालयातल्या डेस्कने. सर, ते खोटं होतं. मथळा माझा होता. उपासमार हा शब्द पानावर उठून दिसतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

पहिल्याच रविवारी नागापूरहून एक टेम्पो आला. केळी, बिस्किटांचे पुडे, फरसाण. आलेली माणसं भली होती. सुटीच्या दिवशी पदरचं घेऊन आली होती. तुम्ही खुर्चीवरून उठून रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलात आणि त्यांना समजावायला लागलात की वानराच्या पोटात पाला आंबवायचे कप्पे असतात, गोड पडलं की त्यांची घडी बिघडते. टेम्पोचा चालक तरुण होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, पेपरात आलंय. मुकी जनावरं हायेत. अन तुमी बी दमलेलं दिसताय, घ्या.” त्याने तुमच्या हातात केळं ठेवलं. तुम्ही परत येऊन ते खाल्लंत. त्या दिवसाच्या पानावर नोंद आहे: ‘११.२०. निरीक्षक. केळं, पिकलेलं, एक. साल टाकली.’

असे तीन रविवार झाले. टोळी डोंगर सोडून वळणावर बसायला लागली. पोटं केळ्यांनी भरलेली असायची आणि दुपारी तीच टोळी हरभऱ्यात यायची. गयाबाई म्हणाल्या, “तकडं जेवून येत्यात अन माझ्याकडं डाळ खायला येत्यात.” तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि त्यांना म्हणालात, “चार वर्षांत आम्ही दोघांनी जे लिहिलं ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.” गयाबाई म्हणाल्या, “मग आता माझं पीक सोडा म्हनावं.”

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी त्या वळणावर एक मादी जीपखाली गेली. ती बातमी मीच दिली, चार ओळी. त्यात केळ्यांचा उल्लेख नव्हता.

तुम्ही माझ्याकडे खुलासा मागितलात. “दोन ओळी पुरतील.” मी म्हणालो, सर, खुलासा नाव चुकलं, आकडा चुकला तर देतात, हे मताचं झालं. तुम्ही विचारलंत, “उपाशी हे मत आहे?” तुम्ही एकूण तीनदा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारलंत तो शनिवार होता, तुमच्या मृत्यूआधीचा. मी म्हणालो, बघतो. मी तुमच्याशी बोललेला तो शेवटचा शब्द.

त्या दोन ओळी अशा: ‘करंजदऱ्यातील वानरांची उपासमार होत असल्याचे वृत्त चुकीचे होते. त्यांना खायला घालू नये, असे श्री. उबाळे यांनी सांगितले होते. ते वाक्य वार्ताहराने वगळले.’ परवाच्या अंकात त्या पाचव्या पानावर आल्या. तुमच्या हयातीत आल्या नाहीत.

एव्हाना गावात वेगळं ठरत आलं होतं. टोळी पकडून दुसरीकडे सोडावी असा अर्ज वनखात्याकडे द्यायचा, शुक्रवारच्या ग्रामसभेत तो मांडायचा. अर्जावर पहिली सही गयाबाईंची होती. हे त्यांनी तुम्हाला स्वतः येऊन सांगितलं. मी तिथे होतो.

“मास्तर, राग मानू नका. वानरं तुमची, हरभरा माझा हाय.”

“बरोबर आहे,” तुम्ही म्हणालात. “पण पंधरा दिवस थांबता आलं तर बघा. पिंपळाच्या कळ्या फुगल्यात. पकडून नेली तर पुढं कुठल्या डोंगरावर कधी काय फुटतं, हे त्यांना कुणी सांगायचं? आया पोरांना इथलं दाखवतात.”

“अन पंधरा दिसांत माझं काय उरल?”

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुमच्याकडे नव्हतं, म्हणून दिलं नाहीत. हे मी अनेक नेत्यांच्या बाबतीत पाहिलेलं नाही.

बुधवारी अकरा वाजता नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत तुमचा विधी झाला. गयाबाई मुलीला घेऊन एसटीने आल्या. फाटकापाशी थांबून त्यांनी मला विचारलं, “तुमच्या मास्तरांच्यात काय वाहत्यात? फुलं का माती?” मी म्हणालो, दोन्ही. त्यांच्या पिशवीत हरभऱ्याचा एक डहाळा होता, हिरवा, घाटे लागलेला. बाईंच्या पाया पडून त्यांनी तो हातात दिला आणि म्हणाल्या, “वानरांनी ठिवलेला एवढाच हुता.” बाईंनी तो घेतला. त्या हसल्या. मग त्यांना रडू आलं. पाळकांनी प्रार्थना थोडी उशिरा सुरू केली.

शुक्रवारच्या ग्रामसभेला मी गेलो. वार्ताहर भिंतीला टेकून बसतात, बोलत नाहीत. अर्जाचा विषय निघाला तेव्हा गयाबाई उठल्या. त्यांनी सरपंचांकडे न बघता माझ्याकडे बोट केलं.

“पेपरवालं दादा, मास्तर काय म्हनलं हुतं ते समदं वाचा. पेपरात अर्धंच आलं हुतं.”

मी टिपणवही काढून वाचलं. पोट भरलेलं असतं, इथपासून कांद्यापर्यंत.

“म्हंजी वानरं उपाशी न्हाईत?” सरपंचांनी विचारलं. हे झाडावरचे नव्हेत, निवडून आलेले.

“नव्हती.”

“मग छापलं कसं?”

“मी चुकीचं छापलं. मथळा माझाच होता.”

मागून कोणीतरी ओरडलं, “ग्रामसेवक, लिवून घ्या! पेपरवाला चुकलो म्हनतोय!” सभा हसली. मीही लिहून घ्या म्हणालो. इतिवृत्तात ते आहे, मी नंतर तपासलं.

गयाबाई उभ्याच होत्या. “मास्तर पंधरा दिस थांबा म्हनलं हुतं. हरभरा माझा जातोय, तवा थांबायचं का न्हाई ते मी ठरवनार. थांबते. पन एक हाय. पुढल्या रब्बीला डोंगराकडची दोन तासं हरभरा समद्यांनी पेरायचा. कांदेवाल्यांनी बी. एकट्या बाईनं किती दिस वानरं पोसायची?”

“ठरवल्यावर समदे पेरत्यात व्हय?” एक कांदेवाले म्हणाले. “आपली ग्रामसभा काय हिवरे बाजारची हाय का?”

“मग हुऊ द्या,” गयाबाई म्हणाल्या आणि बसल्या.

हात वर झाले. ग्रामसेवकांनी ते मोजले नाहीत. इतिवृत्तात ‘बहुमताने’ असं लिहिलं आहे.

बाईंनी तुमची वही मला दिली. शेवटची नोंद मंगळवारची, ३.५० ची: ‘मादी. पिंपळ. कळी, वास घेतला, सोडली.’ त्यानंतरच्या पंचवीस मिनिटांत तुम्ही काही लिहिलेलं नाही. मी त्या वहीत पुढे लिहिलेलं नाही. ती तुमची आहे. माझी नवी घेतली आहे. तुमचे आभार मानायचे राहिले, तेही तुम्ही नोंद म्हणून घ्यावेत: मला बघायला तुम्ही शिकवलंत. त्या शिकवण्याला मी जानेवारीत जागलो नाही. तुम्ही तरीही माझ्यासाठी अंडी बाजूला ठेवत राहिलात.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. पिंपळ गेल्या बुधवारी तांबूस दिसायला लागला. गुरुवारी सकाळी मी गयाबाईंच्या बांधावर तासभर बसलो आणि एका मादीचा प्रत्येक घास लिहिला. दीड पान झालं. सगळे घास पिंपळाच्या कोवळ्या पानाचे होते. त्या दिवसापासून टोळी हरभऱ्यात उतरलेली नाही. घाटे त्याच सुमाराला वाळायला लागले होते. त्यामुळे वानरं पालवीसाठी वर गेली की घाटे कडक झाले म्हणून, हे या नोंदींवरून सांगता येत नाही. तुम्हीही सांगितलं नसतं.

काल गयाबाईंचा हरभरा काढून झाला. वनखात्याला लिहिलेला अर्ज ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. आज दुपारी बारापर्यंत त्यावर जावक क्रमांक पडलेला नाही.